तलावातील शेवाळप्राणी : हिस्लोपिया आणि त्याची भावंडे



चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील धानशेती तलावांच्या आधारावर उभी आहे. गोंड राजांच्या काळापासून गावोगाव बांधलेले तलाव, मालगुजारांच्या वेळचे मामा तलाव, अलीकडच्या बोड्या व शेततळी यांतून धानाला पाणी मिळते. याच पाण्यात मासे वाढतात आणि शिंगाडा व कमळही येते. तलावातील मासे, गवत व पक्षी आपल्या ओळखीचे आहेत. मात्र याच पाण्यात राहणारा एक प्राणी असा आहे की तो रोज दिसूनही त्याला कोणी प्राणी म्हणत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये तलावाचे पाणी उतरू लागले की पाळीचे दगड, बुडालेली लाकडे, शिंगाड्याच्या पानांची खालची बाजू, गोगलगायींचे शंख व पंपाचा पाइप यांवर एक थर बसलेला दिसतो. कोठे तो काचेसारखा पातळ असतो, कोठे मुळांच्या जाळीसारखा तपकिरी, तर कोठे चिकाच्या गोळ्यासारखा. आपण त्याला शेवाळ, बुरशी किंवा घाण म्हणतो. कोणी तो खरवडून पुन्हा पाण्यातच टाकतो, कोणी शिंगाड्यावर रोग आला असे समजून कीटकनाशक फवारतो, तर कोणी तलावात मोरचूद सोडतो. यातून खर्च होतो आणि कित्येकदा मासळीही मरते. म्हणून हा थर म्हणजे काय, तो केव्हा काढावा आणि केव्हा राहू द्यावा, हे या लेखात पाहू.

शेवाळ नव्हे, प्राणी

या जीवांना शास्त्रात ब्रायोझोआ म्हणतात. ग्रीक भाषेत ब्रायॉन म्हणजे शेवाळ आणि झोऑन म्हणजे प्राणी. आपण त्यांना शेवाळप्राणी म्हणू. दिसायला ते शेवाळासारखे असले तरी त्यांना तोंड, अन्ननलिका, जठर, आतडे व गुदद्वार असते. ते वनस्पतीप्रमाणे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करीत नाहीत, तर पाण्यातील अन्न गाळून खातात.

शेवाळप्राणी सहसा एकटा राहत नाही. एका लहान जीवाला अंकुर फुटून शेजारी दुसरा तयार होतो, दुसऱ्यापासून तिसरा, आणि अशी शेकडो-हजारो जीवांची वसाहत बनते. वसाहतीतील प्रत्येक जीवाला जीवक म्हणतात. एक जीवक साधारणपणे एक मिलिमीटर किंवा त्याहूनही लहान असतो. त्याचे घर म्हणजे एक छोटी कोठडी किंवा नळी. धानाच्या एका चुडापासून फुटवे फुटून जसा बेटा तयार होतो, तशीच ही वाढ असते. फरक एवढाच की येथे प्रत्येक फुटव्याला स्वतःचे तोंड आणि पोट असते.

कोठडीच्या दारातून जीवक बारीक धाग्यांचा एक तुरा बाहेर काढतो. त्या धाग्यांना स्पर्शक म्हणतात. स्पर्शकांवरील सूक्ष्म केस सतत हलत राहतात. त्यामुळे पाण्याचा प्रवाह तुऱ्यात शिरतो आणि त्यातील सूक्ष्म शेवाळ, जिवाणू व सेंद्रिय कण तोंडात जातात. धक्का लागला की तुरा क्षणार्धात आत ओढला जातो. पाण्याबाहेर काढल्यावर तुरे आत गेलेले असतात, म्हणूनच आपल्या हाती केवळ निर्जीव थर लागतो आणि आपली फसगत होते.

कूळ समुद्राचे, घर तलावाचे

जगात आज जिवंत असलेल्या शेवाळप्राण्यांच्या सुमारे सहा हजार जाती ज्ञात आहेत आणि त्यांतील बहुतेक सर्व समुद्रात राहतात. कोकण किनाऱ्यावर खडक, शिंपले, समुद्रशेवाळ आणि होड्यांचे तळ यांवर त्यांचे पापुद्रे व झुपके आढळतात. बुगुला या समुद्री प्रजातीच्या एका जातीपासून ब्रायोस्टॅटिन नावाचे द्रव्य मिळाले असून कर्करोगावरील औषधांच्या दृष्टीने त्याचा पुष्कळ अभ्यास झालेला आहे. गोड्या पाण्यात मात्र या प्राण्यांच्या शंभरहूनही कमी जाती आहेत.

गोड्या पाण्यातील जातींचे दोन गट पडतात. पहिला गट फक्त गोड्या पाण्यातच राहणारा आहे. यातील बहुतेकांच्या स्पर्शकांचा तुरा घोड्याच्या नालेसारखा असतो आणि ते कठीण कवचाची सुप्तबीजे तयार करतात. दुसरा गट मूळचा समुद्राचा. त्यातील अगदी मोजकी कुळे गोड्या पाण्यात येऊन स्थिरावली. त्यांचा तुरा समुद्रातील भावंडांप्रमाणे गोल असतो. या दुसऱ्या गटातील एका प्रजातीचा शोध आपल्या विदर्भात लागला. तिचे नाव हिस्लोपिया.

नागपूरचे हिस्लॉप आणि हिस्लोपिया

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरास आले. त्यांनी येथे शाळा काढली. आजचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. शाळेच्या कामाबरोबर त्यांना दगड, जीवाश्म, किडे, शंख गोळा करण्याचा छंद होता. चंद्रपूर जिल्ह्यातील मांगली येथून मिळालेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये केले. त्यामुळे या भागाचे नाव भूशास्त्राच्या पुस्तकांत गेले. हिस्लॉप यांनी गोंड व इतर आदिवासी समाजांविषयी केलेले टिपण त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये प्रसिद्ध झाले. १८६३ च्या पावसाळ्यात टाकळघाट परिसरातील शिलावर्तुळे पाहून परतताना पुराने भरलेल्या नाल्यात बुडून त्यांचा अंत झाला.

हिस्लॉप यांना नागपूरच्या पाण्यात एक पापुद्र्यासारखा जीव आढळला. त्याचे नमुने मुंबईच्या सैन्यातील शल्यवैद्य हेन्री जॉन कार्टर यांच्याकडे गेले. कार्टर सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यातील जीव पाहण्यात तरबेज होते. त्यांनी पाहिले की हा प्राणी गोड्या पाण्यातील इतर शेवाळप्राण्यांसारखा नाही. तो फ्लस्ट्रा या समुद्री शेवाळप्राण्याच्या जवळचा वाटतो. १८५८ मध्ये त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि शोधकाच्या सन्मानार्थ त्याला हिस्लोपिया लॅकस्ट्रिस हे नाव दिले. लॅकस्ट्रिस म्हणजे तळ्यात राहणारा. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या नागपुरात समुद्री कुळातील प्राणी मिळावा, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

पुढे कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील नेल्सन अॅनंडेल यांनी भारतातील गोड्या पाण्याचे स्पंज, हायड्रा वर्गातील प्राणी आणि शेवाळप्राणी यांवर १९११ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यात हिस्लोपियाचे सविस्तर वर्णन आहे. हेच अॅनंडेल १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक झाले.

तलावात ओळखावयाचे तीन प्रकार

शेतकऱ्याला उपयोगी पडेल अशी ओळख पुढीलप्रमाणे आहे.

१. काचेसारखा पापुद्रा – हिस्लोपिया. जीवक चपटे, लांबट गोल आणि पारदर्शक असतात. ते संपूर्ण खालच्या बाजूने वस्तूला चिकटलेले असल्याने वसाहतीचा एकपदरी थर तयार होतो. भिंगातून पाहिल्यास प्रत्येक जीवकाच्या वरच्या बाजूस मध्यावर जाड कडेचे चौकोनी दार दिसते. काहींच्या दाराच्या कोपऱ्यांवर बारीक काटे असतात. गोगलगायीचा शंख, शिंपला, दगड आणि पाणवनस्पतींचे देठ या त्याच्या आवडीच्या जागा होत.

२. तपकिरी फांद्यांची जाळी – प्लुमॅटेला. बारीक नळ्या झाडाच्या फांद्यांप्रमाणे पसरतात किंवा दाटीने उभ्या राहून स्पंजासारखा जाड थर करतात. कमळाच्या पानाखाली, बुडालेल्या लाकडावर, सिमेंटच्या भिंतीवर आणि पाइपच्या आत हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. नळ्यांमध्ये खसखशीहून बारीक तपकिरी दाणे दिसतात. तीच त्याची सुप्तबीजे.

३. चिकाचा लहान गोळा – लोफोपोडेला. याच्या वसाहती मऊ, पारदर्शक व थुलथुलीत असतात. कार्टर यांना हा मुंबईत आढळला आणि त्यांच्याच नावावरून १८६६ मध्ये त्याच्या जातीला कार्टेरी हे नाव मिळाले. याच्या सुप्तबीजाच्या दोन्ही टोकांना सूक्ष्म आकडे असतात. हा प्राणी पुढे दूरदेशी पोचला आणि १९३० च्या दशकात उत्तर अमेरिकेतही आढळला.

या तिघांशी गल्लत होणाऱ्या गोष्टीही आहेत. गोड्या पाण्यातील स्पंज हिरवट, खरखरीत असतो व त्याला उग्र वास येतो. गोगलगायीची अंडीही चिकाच्या पट्टीत असतात, पण त्या पट्टीत गोल अंडी स्वच्छ दिसतात. खरे शेवाळ बोटांत चोळले की धागे निघतात किंवा हिरवा रंग लागतो.

प्रजाती एक, जाती अनेक

प्रजाती आणि जाती यांतील फरक धानाच्या उदाहरणाने लवकर समजेल. आपण पेरतो ते धान आणि तलावाच्या काठी आपोआप उगवणारे देवधान ही एकाच प्रजातीतील पण वेगवेगळ्या जातींची रोपे आहेत. हिस्लोपिया ही अशीच एक प्रजाती असून तिच्यात अनेक जाती आहेत. नागपूरची लॅकस्ट्रिस ही पहिली. कंबोडियाच्या नावाची कंबोजिएन्सिस, मलायाच्या नावाची मलायेन्सिस, सायबेरियातील बैकल सरोवरातील प्लॅकॉइडिस, दक्षिण अमेरिकेतील कॉर्डेरॉय आणि २००६ मध्ये थायलंडमधून वर्णन झालेली नाटान्स या तिच्या बहिणी होत. नागपूरच्या उन्हात तापणाऱ्या पाण्यात एक जात आणि हिवाळ्यात गोठणाऱ्या बैकलमध्ये दुसरी, एवढा या प्रजातीचा पसारा आहे.

या जाती ओळखणे सोपे नाही. कारण वसाहतीचा आकार जागेप्रमाणे बदलतो. सपाट शिंपल्यावर जीवक एकमेकांना खेटून चादर पसरतात, तर अरुंद देठावर रांगेने वाढतात. अॅनंडेल यांना कलकत्त्याकडे गोल जीवकांची मण्यांच्या माळेसारखी वाढ आढळली. तिला त्यांनी मोनिलिफॉर्मिस, म्हणजे मण्यांच्या माळेसारखी, असे उपनाव दिले. एकच वाण हलक्या बांधीत खुजा व भारी बांधीत उंच होतो, पण लोंबी व दाणा पाहिला की वाण कळतो. प्लुमॅटेलाच्या बाबतीत शास्त्रज्ञ असेच करतात. फांद्यांवर विश्वास न ठेवता सुप्तबीजाचा आकार व त्यावरील नक्षी पाहतात. हिस्लोपियात सुप्तबीजे आढळत नाहीत. म्हणून दाराची ठेवण, स्पर्शकांची संख्या, काटे आणि अन्ननलिकेची रचना बारकाईने पाहावी लागते.

बारकाईने पाहणे हे शेतकऱ्याला नवीन नाही. नागभीड तालुक्यातील नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये पटेल-३ धानाच्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या टिपल्या आणि त्यांतून एचएमटी हा वाण उभा राहिला. तीच नजर तलावाच्या काठावरही कामी येते.

पेल्यातील परीक्षा

घरच्या घरी ही परीक्षा अवश्य करून पाहावी. शाळेतील मुलांनाही ती दाखवावी.

१. थर बसलेले पान, काडी किंवा शंख हळूच, पाण्यासकट उचलावा. खरवडू नये.

२. स्वच्छ काचेच्या पेल्यात तलावाचेच पाणी घेऊन त्यात तो ठेवावा. नळाचे पाणी वापरू नये, कारण त्यातील क्लोरीनने प्राणी दगावतो.

३. पेला सावलीत, धक्का न लागेल अशा जागी अर्धा तास ठेवावा.

४. त्यानंतर भिंगातून बाजूने पाहावे. पापुद्र्यावर किंवा फांद्यांच्या टोकांवर पांढुरके, बारीक तुरे उघडलेले दिसतील.

५. काडीने हळूच स्पर्श करावा. तुरे पटकन आत गेले तर तो शेवाळप्राणी समजावा. शेवाळ असे कधीच करत नाही.

तुरा नालेसारखा दिसला तर पहिला गट आणि पूर्ण गोल दिसला, खालचा थर काचेसारखा असला तर हिस्लोपिया असण्याचा संभव फार.

सुप्तबीज आणि दोह

प्लुमॅटेला व लोफोपोडेला यांची सुप्तबीजे म्हणजे निसर्गाने दिलेले साठवणीचे बियाणे आहे. वसाहत मेली तरी ती मागे राहतात. ती सुकतात, उन्हात तापतात आणि पाणी आले की उगवतात. काही बीजांच्या कडेला हवेच्या कोठड्यांचे कडे असते, त्यामुळे ती पाण्यावर तरंगतात आणि वाऱ्याने काठाला लागतात. बदकांच्या पायांना व पिसांना चिकटून, कित्येकदा त्यांच्या पोटातूनही ती एका तलावातून दुसऱ्या तलावात जातात. म्हणूनच मे महिन्यात भेगाळलेल्या बोडीत पावसाळ्यानंतर प्लुमॅटेला पुन्हा दिसतो.

हिस्लोपियाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्याकडे साठवणीचे बियाणे नाही. त्याची वाढ अंकुरांनी आणि पोहणाऱ्या अळ्यांनी होते. अळी थोडा वेळ पाण्यात फिरून कठीण जागेवर बसते व तेथे नवी वसाहत सुरू करते. म्हणजे ज्या तलावात बारमाही पाणी आणि बसायला गाळाखाली न दबलेली जागा आहे, तेथेच तो टिकणार. तलाव एकदा पूर्ण कोरडा पडला की त्या तलावातील हिस्लोपिया संपला. शेजारच्या बारमाही पाण्यातून पुन्हा येईल तेव्हाच तो परत दिसेल.

मरळ, मागूर, शिंगी यांसारख्या गावठी माशांचे प्रजननक्षम मासे, गोगलगायी आणि शिंपले यांनाही उन्हाळा काढण्यासाठी पाण्याचा दोह लागतो. शंखावरील काचेसारखा पापुद्रा आणि जाळ्यात येणारा मरळ या दोघांची गरज एकच आहे. म्हणून जिवंत हिस्लोपिया दिसणे ही तलावात पाणी टिकल्याची खूण समजावी.

फायदा आणि उपद्रव

शेवाळप्राणी पाणी गाळतात व त्यातील सूक्ष्म कण खातात. त्यांना गोगलगायी, काही किडे व काही मासे खातात. अशा रीतीने पाण्यातील बारीक अन्न मोठ्या जीवांपर्यंत पोचते. ते माणसाला किंवा जनावराला चावत नाहीत. शिंगाड्याच्या किंवा कमळाच्या पानाचा उपयोग ते केवळ बसण्यासाठी करतात, पानाचा रस शोषत नाहीत. शिंगाड्याच्या पानांना भोके पडत असतील तर ते काम भुंगेऱ्याचे व त्याच्या अळीचे आहे. भुंगेरे व अळ्या पाहूनच उपाय ठरवावा. पानाखालचा थर पाहून फवारणी करू नये. तलावाच्या पाण्याबरोबर बांधीत आलेल्या शेवाळप्राण्यांपासून धानालाही अपाय होत नाही.

उपद्रव मुख्यतः तीन ठिकाणी होतो.

पाइप व ठिबक संच : प्लुमॅटेला पाइपच्या आत वाढतो. तुटलेले तुकडे आणि सुप्तबीजे गाळणीत अडकतात, दाब कमी होतो व शेवटच्या ओळीला पाणी पोचत नाही. मिरची, भाजीपाला यांसाठी तलावातून पाणी उचलणाऱ्यांनी याकडे लक्ष द्यावे.

माशांचे पिंजरे व जाळी : जाळीची भोके बुजतात, आतील पाणी खेळत नाही आणि माशांना प्राणवायू कमी पडतो.

मत्स्यबीजाची भांडी व हौद : लोफोपोडेला चिरडला गेल्यास त्यातून निघणारा द्रव माशांच्या कल्ल्यांना घातक ठरतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत केलेल्या निरीक्षणांत, ज्या भांड्यात याच्या वसाहती चिरडल्या गेल्या त्यातील मासे मेले. मोठ्या तलावात हा द्रव विरून जातो. लहान हौदात व वाहतुकीच्या पिशवीत मात्र धोका असतो.

आणखी एक गैरसमज दूर करावा. युरोप व अमेरिकेत शेवाळप्राण्यांमधून माशांना मूत्रपिंडाचा एक रोग होतो, असे वाचनात येते. तो थंड पाण्यातील ट्राऊट व सामन यांच्या कुळाचा रोग आहे. रोहू, कटला व मृगळ पाळणाऱ्यांनी त्याची धास्ती घेऊ नये.

मोरचूद का टाकू नये

मोरचुदातील तांब्याने शेवाळप्राणी मरतात हे खरे आहे. पण तेच तांबे माशांच्या कल्ल्यांना व गोगलगायींना इजा करते. पाण्यात क्षार कमी असतील तर हा परिणाम अधिक तीव्र होतो. शिवाय एकाच वेळी मेलेले शेवाळ व प्राणी कुजू लागले की पाण्यातील प्राणवायू वापरला जातो. पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकताना दिसतात आणि सकाळपर्यंत मासळी पांढरी पडते. दुसरीकडे, कठीण कवचातील सुप्तबीजे अशा उपायाला सहज दाद देत नाहीत आणि काही आठवड्यांनी थर पुन्हा दिसतो. म्हणजे मासळी गेली, तांबे गाळात साठले आणि उपद्रव कायम राहिला. तांबे कुजून नाहीसे होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

करावयाचे उपाय

१. पंपाचा फूटव्हॉल्व्ह तळाला टेकवू नये व पृष्ठभागाजवळही ठेवू नये. सुप्तबीजे वर तरंगतात व गाळ खाली असतो. म्हणून मधल्या खोलीतील, वनस्पतींपासून दूरचे पाणी घ्यावे.

२. वारा ज्या काठाला कचरा लोटतो त्या काठावर पंप बसवू नये. तेथे तरंगणाऱ्या बीजांची तपकिरी रेघ जमते.

३. वाळूची गाळणी उलट प्रवाहाने नियमित धुवावी. जाळीची गाळणी उघडून घासावी. उपनळ्यांची टोके ठराविक दिवसांनी उघडून पाणी सोडावे.

४. हंगाम संपल्यावर पाइपमधील पाणी पूर्ण काढून तो कडक उन्हात वाळवावा. वसाहत मरून सुटते. पुढील हंगामात पहिले पाणी ठिबकात न सोडता बाहेर सोडावे, म्हणजे सुकलेली बीजे निघून जातील.

५. संचाला क्लोरीनची प्रक्रिया करावयाची असल्यास कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच मात्रा ठरवावी. प्रक्रियेचे पाणी तलावात परत जाऊ देऊ नये.

६. पिंजऱ्याची जाळी आळीपाळीने बाहेर काढून उन्हात वाळवावी व काठावर, पाण्यापासून दूर झटकावी. निघालेला कचरा शेणखताच्या खड्ड्यात टाकावा.

७. मत्स्यबीज ठेवलेल्या हौदात भिंती खरवडू नयेत. आधी मासे हलवावेत, मग हौद घासून, धुऊन, वाळवून घ्यावा. पाणवनस्पती हौदात सोडण्यापूर्वी पानांच्या खाली चिकाचे गोळे नाहीत याची खात्री करावी.

८. एका तलावातील जाळी, शिंगाड्याची रोपे किंवा मत्स्यबीजाचे पाणी दुसऱ्या तलावात नेताना जाळी वाळवून व रोपे धुऊन न्यावीत.

गाळ काढताना घ्यावयाची काळजी

गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ मध्ये सुरू झाल्यापासून तलावांतील गाळ काढून शेतात टाकण्याच्या कामाला वेग आला. गाळामुळे हलक्या बांधीचा कस सुधारतो आणि तलावाची साठवण वाढते. हे काम आवश्यकच आहे. मात्र ते करताना संपूर्ण तलाव एकाच उन्हाळ्यात कोरडा करून सपाट करू नये. शक्य असेल तेथे काम दोन टप्प्यांत घ्यावे. सर्वांत खोल भागात पाण्याचा एक दोह राखावा. पाळीच्या आतील बाजूचे जुने दगड उपटू नयेत. दोन-चार बुडीत लाकडे व खुंट मासेमारीच्या जाळ्याला अडथळा होणार नाही अशा कोपऱ्यात राहू द्यावेत. मासळीला आसरा व कठीण जागेवर बसणाऱ्या जीवांना ठिकाण, दोन्ही त्यातून मिळते. तलाव वापरणारे धानकरी, शिंगाडा लावणारे आणि मत्स्य सहकारी संस्था यांनी काम सुरू होण्यापूर्वी ग्रामसभेत एकत्र बसून दोहाची जागा ठरवून घ्यावी.

लक्षात ठेवावे

– थर दिसला की आधी पेल्यातील परीक्षा, नंतर उपाय.
– पाइप, जाळी व हौद यांतील थर काढावा. तलावातील दगड, शंख व पाने यांवरील थर राहू द्यावा.
– शेवाळप्राण्यांसाठी तलावात कोणतेही औषध टाकू नये.
– चिकाचे गोळे मत्स्यबीजाच्या भांड्यात चिरडू नयेत.
– गाळ काढताना दोह राखावा.

ज्या जीवाच्या नावात विदर्भाच्या पाण्याची आठवण आहे, तो ओळखण्यासाठी एक भिंग, एक पेला आणि अर्ध्या तासाची सवड पुरते. येत्या उन्हाळ्यात तलावाचे पाणी उतरले की पाळीवरून एक गोगलगायीचा शंख उचलावा आणि भिंगातून पाहावा. काचेसारख्या पापुद्र्यावर चौकोनी दारे दिसली तर त्या तलावात पाणी टिकले आहे असे समजावे. शंख पुन्हा पाण्यात, होता त्याच जागी ठेवावा.